दोन नंबरचा हात

मी एक जुना रक्तदाबमापक आहे, मित्रांनो. घरोघरी मला बीपीचे मशीन म्हणतात. एका सकाळी माझा स्वतःवरचाच भरवसा उडाला. तिथूनच सांगायला सुरुवात करतो, कारण त्याच्या आधीचे पुष्कळसे मला तेव्हा नीट कळलेच नव्हते.

माझे मालक, ज्यांना सगळे मिस्त्री म्हणतात, नेहमीसारखे खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, डावा हात टेबलावर. आदल्या दिवशी दुपारी त्यांची बायको, म्हणजे काकू, बटणे आणायला दुकानात गेल्या होत्या आणि तिथेच चक्कर येऊन पडल्या होत्या. त्यांना दवाखान्यात ठेवले होते. लेक त्यांच्याजवळ थांबली होती आणि तिने वडिलांना घरी पाठवले होते. "बाबा, तुमची गोळी घरी आहे. ती घ्या, जरा पडा आणि सकाळी या," असे तिने सांगितल्याचे मिस्त्री शेजाऱ्यांना सांगत होते, ते मी ऐकले होते. सकाळी त्यांनी गोळी घेतली, माझा पट्टा दंडाला गुंडाळला आणि बटण दाबले. मी हवा भरू लागलो, तेवढ्यात दार उघडून लेक आत आली. चपला न काढताच आली.

"बाबा," ती म्हणाली.

"शुद्धीवर आली का?"

"आई गेली, बाबा. पहाटे."

मोजताना बोलायचे नसते आणि हात हलवायचा नसतो. मिस्त्री काहीतरी बोलले आणि हातही हलला. माझ्या पडद्यावर आकडा आलाच नाही. चूक झाल्याची खूण आली आणि मी टूं टूं करत राहिलो. मला काही उमजेना. काकू गेल्या म्हणजे कुठे गेल्या? त्या तर रोजच कुठे ना कुठे जायच्या. दोरा आणायला, शिवलेले कपडे पोचवायला. गेल्या की यायच्याही. लेकीने पुढे होऊन मला बंद केले. पट्टा सोडायचे मात्र कोणाच्या लक्षात आले नाही. शेजारी जमले, मिस्त्री उठून दाराकडे निघाले, आणि नळीच्या आधाराने मीही टेबलावरून ओढला जाऊन त्यांच्या हाताला लोंबकळत निघालो. कोणीतरी म्हणाले, "अहो मिस्त्री, हातात हे काय?" त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मला कधी पाहिलेच नव्हते.

आता मागचे सांगतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. एका टोकाला नुसते पांढरे खोके होते, दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत मला पडदा, नळी, पट्टा आणि आवाज मिळाला. मग मला एका रबराच्या हातावर बांधून तपासले. रबराच्या हाताचे बरे असते. जेवढे आहे तेवढेच तो दाखवतो. मला वाटले, सगळे हात असेच असतील.

मिस्त्रींनी चाळीस वर्षे लिफ्ट दुरुस्त केल्या. इमारतीच्या डोक्यावरच्या खोलीत दोर, कप्पी आणि तेलाच्या वासात त्यांचे आयुष्य गेले. कोणत्या लिफ्टचा आवाज आज वेगळा येतो आहे, हे ते खालच्या मजल्यावरून ओळखत. स्वतःच्या छातीत कसला आवाज येतो, ते मात्र डॉक्टरीणबाईंना सांगावे लागले. "तुमचा रक्तदाब वाढलाय, काका. रोज गोळी घ्यायची आणि घरच्या घरी मोजायचं." त्याच आठवड्यात लेक मला घेऊन आली. माझ्यावर दोन बटणे आहेत. दोन माणसांचे आकडे मी वेगवेगळे लक्षात ठेवतो, तारखेसकट. लेकीने दोन चिठ्ठ्या चिकटवल्या. एक नंबर बाबा, दोन नंबर आई.

"मला कशाला?" काकू म्हणाल्या. "मला काय धाड भरलीय?"

"दोघांनी मोजायचं. मी दर रविवारी फोन करून विचारणार," लेक म्हणाली.

काकू घरीच शिवणकाम करायच्या. आजूबाजूच्या तीन शाळांचे गणवेश त्यांच्याकडे असत. सगळी गिऱ्हाइके त्यांना काकू म्हणत, म्हणून मीही म्हणतो. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या, आणि टाचण्या तोंडात धरूनही त्यांना बोलता यायचे. मिस्त्रींच्या तब्येतीची सगळी सूत्रे त्यांच्या हातात होती. पहाटे उठवायचे, मला त्यांच्या दंडाला बांधायचे, आधी पाच मिनिटे गप्प बसवायचे, चहा नंतर द्यायचा. मग चालायला पिटाळायचे. "मैदानाला तीन फेऱ्या मारा. बाकावर बसून आलात तर मला चपलांच्या धुळीवरून कळतं." जेवताना मिठाची बरणी त्यांच्या बाजूला असायची आणि मिस्त्रींनी हात लांब केला की ती आणखी सरकायची.

"अगं, चिमूटभर."

"तुमची चिमूट लिफ्टवाल्याची आहे. तीत मूठभर मावतं."

या सगळ्याने मिस्त्रींचा आकडा उतरला. सहा महिन्यांत वरचा आकडा एकशे साठच्या आसपास होता तो एकशे सव्वीसवर आला. मला अभिमान वाटला. वास्तविक श्रेय काकूंचे होते, गोळीचे होते आणि मैदानाचेही होते. मी फक्त खरे ते दाखवत होतो.

काकूंचा हात माझ्या पट्ट्यात सुरुवातीला आला. चार वेळा आला. मऊ, बारीक हात, आतल्या बाजूला टाचणीच्या टोचण्याचे ठिपके. पहिल्या दिवशी एकशे अठ्ठावन्न आले. "आत्ताच जिना चढून आले," काकू म्हणाल्या. दुसऱ्या वेळी एकशे चोपन्न. "रात्री झोप झाली नाही." तिसऱ्या वेळी, चौथ्या वेळीही तसेच काहीतरी आले आणि त्याला तसेच काहीतरी कारण मिळाले. लेकीला मात्र यातला एकही आकडा कळला नाही, "पुढच्या रविवारी नीट मोजून सांगते," म्हणून काकू टोलवायच्या. त्यानंतर शाळा उघडायचे दिवस आले. घरभर निळ्या कापडाचे गठ्ठे झाले आणि काकूंना मान वर करायला फुरसत उरली नाही.

रविवारी लेकीचा फोन आला. मिस्त्रींनी स्वतःचा आकडा वाचून दाखवला. "आणि आईचा?" लेकीने विचारले. मिस्त्रींनी काकूंच्या शिलाई मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवून विचारले, "अगं, तुझा आकडा मागतेय."

"तुमचाच घाला की हात," काकू म्हणाल्या. पाय शिलाई मशीनवर चालूच होता. "दोन हात आहेत ना? एक तुमचा, एक माझा. तेवढंच पोरीचं समाधान."

मिस्त्री हसले. "थांब गं, पाच मिनिटांत सांगतो," असे फोनवर म्हणाले आणि उजवा दंड माझ्या पट्ट्यात घालून त्यांनी दोन नंबरचे बटण दाबले.

मित्रांनो, मी चक्रावलो. दोन नंबरचा हात एकाएकी एवढा दांडगा कसा झाला? त्यावर केस कसे उगवले? कोपराजवळ दोर घासून गेल्याचा जुना व्रण कुठून आला? मी आकडा दाखवला, एकशे चोवीस. आकडा खरा होता. नाव खोटे होते. मला आकडे दाखवता येतात, माणसे ओळखून सांगता येत नाहीत.

पुढे तो रिवाजच पडला. रविवार उजाडला की मिस्त्री आधी डावा हात घालत आणि एक नंबर दाबत. मग खुर्ची फिरवून उजवा घालत आणि दोन नंबर दाबत. काकू आतून विचारत, "काय हो, माझी तब्येत कशी आहे?" मिस्त्री म्हणत, "ठणठणीत! माझ्यापेक्षा दोनने कमी." दोघे हसत. लेक फोनवर म्हणे, "आई, तू किती छान ठेवलंयस गं." तीन वर्षे असे चालले. पहिले चार खरे आकडे खाली खाली जात शेवटी पुसले गेले. जागा भरली की मी सर्वांत जुना आकडा पुसतो, तशीच माझी घडण आहे. दोन नंबरच्या यादीत वरपासून खालपर्यंत मिस्त्रींचाच उजवा हात उरला.

एकदा मिस्त्री मला पिशवीत घालून तपासणीला घेऊन गेले. काकूही बरोबर होत्या, कारण वाटेत अस्तराचे कापड घ्यायचे होते. डॉक्टरीणबाईंनी माझ्या दोन्ही याद्या पाहिल्या. "वा! काकूंचं तर तुमच्यापेक्षा छान आहे, काका," त्या म्हणाल्या. त्यांनी काकूंकडे पाहून मान डोलावली. काकूंनीही मान डोलावली. बाहेर पडल्यावर काकू पदराआड हसत होत्या. मिस्त्री म्हणाले, "एकदा खरं मोजून घ्यायला हवं होतं गं तुझं." काकू म्हणाल्या, "दिवसभर मी लोकांची मापं घेते. माझं माप कोणी घेतलं की मला गुदगुल्या होतात." तो विषय तिथेच संपला. माझे कौतुक झाले होते, पण पिशवीत परत येताना मला ते कौतुक घ्यावे की नाही, ते कळत नव्हते.

मग काकूंचे डोके दुखायला लागले. मानेमागून दुखायचे. शिवताना मान खाली असते म्हणून दुखते, असे त्या म्हणायच्या. मिस्त्री मानेला तेल लावून द्यायचे.

एका सकाळी मिस्त्री मैदानावर गेलेले असताना काकू माझ्यासमोर येऊन बसल्या. त्यांनी पट्टा स्वतःच बांधला आणि दोन नंबर दाबला. तीन वर्षांनी तो बारीक हात मी ओळखला. ठिपके वाढले होते. मी हवा भरली, सोडली आणि दाखवले. वर एकशे ब्याऐंशी, खाली एकशे आठ.

काकू आकड्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मागचे आकडे पाहायला बटण दाबले. एकशे चोवीस. एकशे बावीस. एकशे सव्वीस. एकशे चोवीस. त्यांनी सगळी यादी खालपर्यंत पाहिली. मला वाटले, त्यांना आठवेल. हे आकडे कोणाचे आहेत ते त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते? पण दर रविवारी तीन वर्षे ऐकलेली गोष्ट कानात किती घट्ट बसते, मित्रांनो, ते मला त्या दिवशी समजले. त्यांनी माझ्या पाठीवर दोन चापट्या मारल्या.

"बिघडलंय वाटतं हे," त्या म्हणाल्या आणि मला कपाटात ठेवून मशीनवर जाऊन बसल्या.

खरे सांगतो, मीही विचारात पडलो. मीच बिघडलो असेन का? एवढी चांगली यादी आणि मध्येच असा आकडा? दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी मोजले तर त्यांचे नेहमीसारखेच आले. काकूंनी त्यांना काही सांगितले नाही. त्यानंतर नवव्या दिवशी त्या बटणे आणायला गेल्या.

पुढचे दोन महिने मी खणात पडून होतो. मिस्त्रींनी मोजणे सोडले. मैदान सोडले. गोळी कधी घ्यायचे, कधी घेतली की नाही ते विसरून दोनदा घ्यायचे. मिठाची बरणी आता टेबलाच्या मधोमध असायची आणि ते तिला हातही लावत नसत. जेवण तसेच उष्टे उरे. सकाळी उठले की खुर्चीत बसून पाच मिनिटे गप्प राहत, आणि मग लक्षात येई की बांधायला समोर कोणी नाही.

एका रविवारी लेक आली. तिने मला खणातून काढले, धूळ पुसली आणि वडिलांना रागावून त्यांच्या दंडाला बांधले. एकशे बावन्न आले. "बाबा, काय चाललंय हे?" म्हणत तिने मागचे आकडे पाहिले. मग दुसरे बटण दाबले आणि थांबली.

"हे एकशे ब्याऐंशी कुठून आलं? आईच्या नावावर?"

मिस्त्रींनी चष्मा लावून पाहिले. तारीख पाहिली. त्यांचा चेहरा गोंधळला. त्यांनी तो आकडा कधीच पाहिला नव्हता.

"मशीन खराब झालंय," लेक म्हणाली. "आईचं कधी एकशे तीसच्या वर गेलं नाही. टाकून द्या, मी नवीन आणते."

मिस्त्रींनी मला टाकले नाही. दुसऱ्या दिवशी ते मला दवाखान्याची उपकरणे दुरुस्त करणाऱ्याकडे घेऊन गेले. त्या माणसाने मला स्वतःच्या दंडाला बांधले, मग त्याच दंडाला दुसरे यंत्र बांधले, मग पुन्हा मला. शेजारच्या दुकानदारालाही बोलावून बांधले.

"काही झालेलं नाही याला, काका. चोख आहे."

"नक्की?" मिस्त्रींनी विचारले. "दोन महिन्यांपूर्वीही चोख असेल?"

"दोन महिन्यांपूर्वी बिघडून आज आपोआप दुरुस्त कसं होईल? तुम्ही स्वतः मिस्त्री दिसताय. लिफ्ट होते का आपोआप दुरुस्त?"

माझी सुटका झाली, मित्रांनो. मी खरा ठरलो. पण मिस्त्रींनी मला उलटेच पिशवीत घातले, आणि खरे ठरल्याचा आनंद मानायचा की नाही, ते मला कळेना. वाटेत ते मैदानाच्या बाकावर बराच वेळ बसले. एकदा म्हणाले, "म्हणजे मोजलं होतं तिने." थोड्या वेळाने म्हणाले, "मग बोलली का नाही?" मला ठाऊक होते. सांगता येत नव्हते.

आता लेकीला सांगायचे होते आणि ते जमत नव्हते. ती आली की मिस्त्री मला टेबलावर काढून ठेवत, घसा साफ करत आणि मग तिच्या बसडेपोचे विचारत. लेक डेपोत वेळापत्रके बनवायची. सकाळची बस किती वाजता सुटणार हे ती शेकडो माणसांसाठी ठरवायची, आणि स्वतः दुपारी चार वाजता उभ्याउभ्या काहीतरी तोंडात टाकायची. तिचे डोके दुखायचे. दिवसभर संगणकाच्या पडद्याकडे बघून दुखते, असे ती म्हणायची.

एका रविवारी ती डेपोतला एक फॉर्म घेऊन आली. कामावरच्या सगळ्यांची तपासणी होणार होती. ती भरता भरता मोठ्याने वाचत होती. "वडिलांना रक्तदाबाचा त्रास आहे का? हो. आईला? नाही."

"थांब," मिस्त्री म्हणाले. "ते खोड."

"काय?"

"आईपुढचं. नाही लिहिलंस ते."

"बाबा, आईचे आकडे मी दर रविवारी ऐकायचे. तुम्हीच वाचायचात."

"ते माझे होते."

"तुमचे म्हणजे?"

"डावा हात माझा. उजवाही माझाच. आई म्हणाली घाला, मी घातला. तुला बरं वाटावं म्हणून."

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने माझ्याकडे बघितले. तिला जे होत होते ते मला ओळखीचे होते. तीन वर्षांपूर्वी केसाळ हात पट्ट्यात आला तेव्हा मलाही असेच झाले होते.

"किती दिवस?"

"तीन वर्षं."

"तीन वर्षं! मी फोन ठेवून निवांत व्हायचे, बाबा. मैत्रिणींना सांगायचे, माझ्या आईसारखं राहा म्हणून. मग आईचं खरं किती होतं?"

"सुरुवातीला एकशे अठ्ठावन्न. आणि शेवटी हे." त्यांनी बटण दाबून तिला एकशे ब्याऐंशी दाखवले. "मशीन धड आहे. दुकानात तपासून आणलंय."

"मला कळलं असतं तर मी तिला ओढत नेलं असतं डॉक्टरांकडे."

"नेलं असतंस."

"एवढंच बोलता?"

"आणखी काय बोलू? तू नेलं असतंस. मी नेलं नाही."

लेकीने पिशवी उचलली. फॉर्म कोंबला. दाराशी गेली. मिस्त्री उठून तिच्यामागे गेले, मला हातात धरून. "जायचं तर जा. माझ्याशी बोलू नकोस वाटलं तर. पण आधी हात दे."

"आत्ता? मी इतकी चिडलेय! आत्ता काय वाट्टेल तो आकडा येईल!"

"मग पाच मिनिटं बस. मीही बसतो."

ती बसली. दोघे समोरासमोर बसले, पाय जमिनीवर, पाठ टेकून. पाच मिनिटे एवढी लांब असतात, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते. मग मिस्त्रींनी पट्टा बांधला. बटणावर बोट नेले आणि थांबले. दोन नंबर त्यांना दाबवेना. एक नंबर दाबला आणि जो आकडा आला तो फॉर्मच्या मागे पेन्सिलीने लिहिला. वर एकशे पन्नास, खाली शहाण्णव.

"चिडले होते म्हणून," लेक म्हणाली. तिचे तिलाच ऐकू आले असावे, कारण फॉर्म उलटा करून तिने तो आकडा पुन्हा वाचला.

त्यानंतर तीन सकाळी ती डेपोला जाताना वडिलांकडे थांबली. एकशे शेहेचाळीस. एकशे अठ्ठेचाळीस. एकशे शेहेचाळीस. मिस्त्रींनी सगळे पेन्सिलीने लिहिले. तिसऱ्या सकाळी तिला दाराशी सोडून ते तसेच पुढे मैदानावर गेले आणि एकच फेरी मारून आले. त्यांचे दोघांचे अजून नीट बोलणे नाही. येते, हात देते, जाते.

मित्रांनो, मी खरा होतो की खोटा, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. माझा एकही आकडा चुकला नव्हता आणि तरी माझ्यामुळे एक माणूस फसले. तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर एवढे करा. ज्याचे नाव, त्याचाच हात घाला. सकाळी पाच मिनिटे शांत बसा. चाला. वेळेवर जेवा, वेळेवर झोपा. आणि घरात जो सगळ्यांची काळजी घेतो, त्याला आधी बसवा. तो हसेल, टोलवेल, काम आहे म्हणेल. त्याचे ऐकू नका. त्याचा हात धरून पट्टा बांधा.

लेकीच्या फॉर्मवर आईच्या नावापुढे आता 'हो' लिहिलेले आहे. डॉक्टरांची वेळ मात्र तिने अजून घेतलेली नाही.